कप हलवला नाही

रविवार संध्याकाळ, अग्रहार

अजून डोकं तापलंय. विजयनगरला माझ्या मैत्रिणीच्या, मेघनाच्या घरी पहिल्यांदाच गेलो, तर कॉफीचा घोट घेऊ देईनात तिचे बाबा. "कॉलेज का सोडलंस? ओमानात काय, उंट राखत होतास?"

उंट! तिथं वाळवंटात माझी गाडी बंद पडली, तेव्हा सालेम नावाच्या बेदुइन म्हाताऱ्यानं पिकअपमधून स्वतःच्या घरी नेलं. पाहुण्याला तीन दिवस काही विचारायचं नाही, ही त्यांची रीत. नावसुद्धा नाही विचारलं! आणि हे बाबा? 'पुरे' म्हणून मी रिकामा कप हलवेपर्यंत सालेम कॉफी ओतत राहायचा.

"बरं, निघ आता," बाबा म्हणाले. मी रिकामा कप न हलवता तसाच धरला. ही रीत मेघनाला मीच फोनवर सांगितलेली. ती उठली आणि बाबांदेखत कप पुन्हा भरला.

आता विचारा म्हणावं!