तुझ्या डोक्यात राहिलेली ओळ

प्रिय दादा,

‘प्रिय’ सवयीने लिहिलंय, फुशारून जाऊ नकोस. मालकाशी भांडून तू कंपनी सोडलीस, त्याला दोन महिने झाले. ते भांडण तुझं तुला लखलाभ. पण ज्या कामात मला बोट धरून आणलंस, ते असं टाकून जाताना तुला काहीच वाटलं नाही?

तुझा कॉम्प्युटर पुसून दुसऱ्याला दिला. श्रवणयंत्राचा प्रोग्राम बनवायची सगळी मांडणी मला नव्या मशीनवर पहिल्यापासून करावी लागली. प्रोग्राम तयार करायचा टेबलावरच्या मशीनवर आणि चालवायचा कानातल्या नखाएवढ्या चिपवर, म्हणून त्या चिपला काय जमतं नि काय नाही ते कंपायलरला, म्हणजे आपलं लिखाण चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, बजावून सांगावं लागतं, हे तूच शिकवलेलं. कंपनीकडे राहिलेल्या तुझ्या सूचनांच्या फायलीत सगळं होतं, एक ओळ सोडून: या चिपला दशांशाची गणितं जमत नाहीत, ती सोपी करून दे. ती ओळ तू दर वेळी हाताने टाइप करायचास. लिहून ठेवली असतीस तर हात झिजले असते का? विचारलं की म्हणायचास, माझ्या डोक्यात आहे. गेलास डोकं घेऊन.

कंपायलरने ब्रसुद्धा काढला नाही. चाचण्याही पास झाल्या, कारण त्या टेबलावरच्याच मशीनवर चालतात. आणि मी शहाणी, नव्या प्रोग्रामचं पहिलं यंत्र नेहमीप्रमाणे आईच्या कानात घातलं. ही पद्धतही तूच पाडलेली. चालू केलं की यंत्र टिंग वाजायचं. मग बाहेरचा पहिला आवाज आत आला की दशांशाचं गणित यायचं आणि यंत्र गप्प. आईला टिंग ऐकू येत होतं, त्यामुळे तिला वाटलं, यंत्र धडधाकट आहे, आपल्याच कानांना आता माणसांचं बोलणं ऐकू येईनासं झालं.

आठ दिवस ती कुणाला काही बोलली नाही. मी बोलले की हसून मान हलवायची. चहा हवा का विचारलं, तर म्हणाली, हो, खिडकी लावून घे. मी हसले, दादा. नवव्या दिवशी ती आरशासमोर उभी राहून आपल्या दोघांची नावं पुटपुटताना दिसली, स्वतःच्या ओठांकडे बघत. म्हणाली, शिकून घेते, पुढे लागेल. त्याच दिवशी मी ती ओळ शोधली आणि फायलीत घातली. आधी खऱ्या यंत्रावर ऐकून बघायला हवं होतं, ही माझी चूक. पण त्याने तुझी कमी होत नाही.

तू माझे फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. यंत्र नीट झाल्यावर आईने पहिलं काय विचारलं, ठाऊक आहे? या आठ दिवसांत दादाचा फोन येऊन गेला असेल, मलाच ऐकू आला नसेल, हो ना गं? घरचा तो जुना फोन, कोणाचा येऊन गेला ते दाखवत नाही. मी म्हणाले, आला असेल, दोनदा तरी. तुझ्यासाठी तिच्याशी खोटं बोलले, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. तेव्हापासून ती फोनशेजारची खुर्ची सोडत नाही. पत्र मिळताच फोन कर, आणि आधी दोनदा केला तेव्हा उचलला का नाहीस, असं तिला विचार.

तुझीच, अजून रागावलेली,
धाकटी