राखीव गोलकीपर

लोअर हट, न्यूझीलंड
४ नोव्हेंबर २०१८

ती. सौ. अस्मिताताईस,
मकरंदचा सा. न. वि. वि.

तुम्हा तिघांना दिवाळीच्या शुभेच्छा. विनिताच्या चकल्या यंदा कडक झाल्यात, पण ते तिला कळवायचं नाही. एरवी आपण फोनवर बोलतोच, तरी आज कागद घेऊन बसलोय. मागणं मोठं आहे आणि फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस.

ईशाबद्दल लिहितोय. गेली सहा वर्षं मी इथल्या केरेरू हिल कॉलेज या शाळेतल्या मुलींच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर आहे, हे तुला ठाऊकच आहे. आयटीतली नोकरी पोटासाठी, हे मनासाठी. देशातल्या शाळांच्या स्पर्धेत आमच्याइतकं कोणी जिंकलेलं नाही. नऊ विजेतेपदं, त्यातली शेवटची पाच सलग. सप्टेंबरात दहावं आणायला निघालो, तर उपांत्य सामन्यात माझ्याच भाचीनं दोन पेनल्टी अडवून आम्हाला घरी पाठवलं. परतताना बसमध्ये पोरी रडत होत्या आणि मी खिडकीकडे तोंड करून हसत होतो. कोल्हापुरात बाबांच्या खांद्यावर बसून पेठेच्या मॅचला जे पाहिलं, ते या पोरीच्या हातांत आहे.

आमच्या कोचचं म्हणणं आहे की जानेवारीपासून ईशानं शाळेची शेवटची दोन वर्षं इथं करावीत. इथं गोलकीपरला वेगळी कोच आहे. ज्युनिअर संघ निवडणारी माणसं आमच्या मैदानावर येतात. राहील आमच्याकडेच, आमचा धैर्यशील ऑस्ट्रेलियाला गेल्यापासून त्याची खोली रिकामी आहे.

जगदीशरावांना नमस्कार. ईशाला गोड पापा, ती चिडली तरी. लोभात उणं पडू देऊ नये.

तुझा
मकरंद


पापाटोएटो, ऑकलंड
१८ नोव्हेंबर २०१८

चि. मकरंद यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आधी ईशाच्याच हाती पडलं. आता घरात दुसरा विषय नाही. जगदीश म्हणतात, सख्खा मामा बोलावतोय, घाबरायचं काय. मला भीती वेगळीच आहे. हिची शाळा आजवर काही जिंकलेली नाही, यंदाही फायनलला हरलीच. मिस तवीता शिकवतात विज्ञान. पण जिमच्या जुन्या गाद्या गवतावर अंथरून त्यांनीच हिला झेप घ्यायला शिकवलं. कॅप्टन सेला, टोंगा बेटांवरून आलेल्या घरातली. गोल करते ती, वाचवते ही. सेलाची आई दर शनिवारी व्हॅन काढते, आणि माझी केअर होमची पाळी असली की ईशाचा डबाही तीच भरते. ईशाच्या जागी उभं राहायला त्यांच्याकडे कोणी नाही रे.

सेलाला सांगून आली त्या दिवशी ईशा जेवली नाही. सेला म्हणे 'स्वीट ॲज', म्हणजे काही हरकत नाही, म्हणाली आणि बुटाची नाडी बांधत बसली, वर बघितलंच नाही. मिस म्हणाल्या की संधी सोडू नकोस, पण खेळायला मिळणार असेल तरच जा.

म्हणून एकच विचारते. तुमच्याकडे दुसरी गोलकीपर आहे का? ईशा खेळेल ना? हो किंवा नाही एवढंच लिही.

विनिताला सांग, चकल्यांत मोहन कमी पडलं असेल. (कळलंच तिला, मीच फोन केला.)

तुझी
ताई


लोअर हट
२५ नोव्हेंबर २०१८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हो. आमची गोलकीपर यंदा शाळा संपवून चाललीय, तिची जागा रिकामी होतेय. ईशा खेळेल, हा माझा शब्द. एवढ्या प्रेमानं बोलावतोय आणि तू वकिलासारखी उलटतपासणी करतेस! जानेवारीत स्वतः न्यायला येतो.

तुझा
मकरंद


लोअर हट
२६ मे २०१९

प्रिय आई,
सा. न.

रविवारच्या मराठी वर्गात शिकवलं तसं लिहितेय. एखादं अक्षर अडलं तर मामीला विचारते, पण पत्र तिला दाखवत नाही.

फोनवर तू विचारतेस आणि मी ऑल गुड म्हणते. ऑल गुड नाहीये. आठ मॅच झाल्या आणि मी शून्य मिनिटं खेळले. क्राइस्टचर्चहून मॅडी आली आहे. ती पहिल्या दिवसापासून गोलमध्ये आहे. ती हीप्स म्हणजे खूपच चांगली आहे, माझ्यापेक्षा उंच पण आहे, आणि माझ्याशी छान वागते. मी पाण्याच्या बाटल्या भरते. कोचला विचारलं तर म्हणाली की तुझी वेळ येईल. मला दुसऱ्या टीममध्ये तरी खेळू द्या म्हणाले, तर ते चालत नाही म्हणे. मामाला विचारलं, तर धीर धर म्हणाला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

सेलाला मोठा मेसेज केला होता. तिनं फक्त अंगठा पाठवला. आता तिकडे गोलमध्ये सेला उभी राहते. आई, ती स्ट्रायकर आहे! मग गोल कोण करतं?

प्लीज मामाला काही बोलू नकोस. तो मला रोज प्रॅक्टिसला सोडतो, पावसात थांबतो, डब्यात पोहे देतो. तो चांगला आहे. मीच कमी पडते बहुतेक.

तुझी
ईशा


पापाटोएटो
८ सप्टेंबर २०१९

मकरंद,
आशीर्वाद.

मी फोन का उचलत नाही, असं तू जगदीशना विचारलंस. बोलायला गेले की रडू येतं, आणि तुझ्यापुढे रडायची माझी तयारी नाही. म्हणून लिहिते.

टौरांगाच्या मैदानावर मंगळवारी तुम्ही ईशाच्या जुन्या शाळेला पाच-शून्यनं हरवलंत. मी आले होते, कारण लेक बेंचवर बसली तरी तिचं जाकीट धरायला आई लागते. तिसऱ्या गोलनंतर सेला कमरेवर हात ठेवून तुमच्या बेंचकडे बघत उभी राहिली. ईशानं मान वर केली नाही.

मॅच संपल्यावर जाकीट घेऊन मी तुमच्या तंबूच्या मागून येत होते. तुमची कोच एका पालकाला सांगत होती की यंदा सगळ्यात उपयोगी पडलेली खेळाडू म्हणजे ती ऑकलंडची गोलकीपर, तेही एक मिनिट न खेळता. तो हसला. मग तू हसलास. तुझं हसणं मी हजार माणसांत ओळखते. वर तू म्हणालास की मॅडीचं गेल्या ऑक्टोबरातच ठरलं होतं, पण ही तिकडे राहिली असती तर आपण पुन्हा पेनल्टीवरच गेलो असतो.

ऑक्टोबर. मी तुला नोव्हेंबरात विचारलं होतं.

मागे वळले तर ईशा उभी. तिनं माझ्या हातातलं जाकीट घेतलं, घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि गाडीत बसू या म्हणाली. हॅमिल्टनला पेट्रोल भरायला थांबलो. मग तिनं विचारलं की म्हणजे मी वाईट खेळत नव्हते ना? मकरंद, आठ महिने पोरगी स्वतःला नालायक समजत होती, आणि तू तिला रोज पोहे भरून देत होतास.

परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तिचं सामान विनिताला पाठवायला सांगते.

अस्मिता


लोअर हट
२२ सप्टेंबर २०१९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू ऐकलंस ते सगळं खरं आहे. जागा रिकामी होतेय असं लिहिलं ते खोटं नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली होती. ती भरलीय, हे लिहिलं नाही. मॅडीला दुखापत झाली तर ईशा खेळेल, पुढल्या वर्षी तर नक्की खेळेल, असं रोज सकाळी गाडी चालवताना स्वतःला सांगायचो. शेजारी ती बसलेली असायची.

का केलं, हे लिहायला चार कागद फाडले. दहावं विजेतेपद हवं होतं. कोल्हापुरात मला कुणी संघात घेतलं नाही, तू जाणतेस. इथं विजेत्यांच्या फलकावर कोचबरोबर मॅनेजरचं नाव लागतं. एवढंच आहे ते, ताई. याहून मोठं कारण सापडत नाही.

फायनल आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरपद सोडलं आणि घडलं ते शाळेला, स्पर्धेच्या समितीला आणि मिस तवीतांना लिहून कळवलं. समितीचं उत्तर आलं की कुठलाही नियम मोडलेला नाही. ते वाचून मला जास्तच लाज वाटली. ईशाची खोली विनिता मला आवरू देत नाही.

भाऊबीजेला येऊ का? तिच्यासमोर उभं राहून माफी मागायची आहे.

तुझाच
मकरंद


पापाटोएटो
२० ऑक्टोबर २०१९

चि. मकरंद यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र ईशाला वाचायला दिलं. दोनदा वाचलं तिनं, एका शब्दाचा अर्थ विचारला आणि घडी घालून परत दिलं.

सोमवारपासून ती जुन्या शाळेत जाते. पहिल्याच दुपारी मैदानावर गेली. मिस तवीतांनी नेहमीसारखा किआ ओरा असा नमस्कार केला आणि तिला सगळ्यांपुढे उभं केलं. तिनं सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. एकीनं विचारलं की मेमध्येच का आली नाहीस? ईशा म्हणाली, लाज वाटली. सेलानं सांगितलं की गोल आता माझा आहे, तू आलीस म्हणून मी सोडणार नाही. ईशानं ते मान्य केलं. म्हणजे इथंही ती राखीवच. पण काल सेलानं तिला विचारलं की कॉर्नरला गोल सोडून पुढे कधी धावायचं. दोघी तासभर चिखलात लोळत होत्या. घरी येताना ईशा गाडीत एवढी बडबडली की माझं वळण चुकलं.

भाऊबीजेचं तिला विचारलं. ती म्हणाली, आई, तो तुझा भाऊ आहे, तू ठरव. मी ठरवलंय. येऊ नकोस. ओवाळताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, ते मला अजून जमायचं नाही. विनिताला मात्र चार दिवस पाठव, तिची वाट बघते.

थंडी अजून गेलेली नाही, जपून राहा. आशीर्वाद आहेत, ते कुठं जात नाहीत. लोभाचं आज मला लिहवत नाही.

अस्मिता