शिवीत लपलेला देव

१० फेब्रुवारी, सोमवार

आजही एक शब्द नाही. पक्षाघात झाल्यापासून आमचे हे, बळवंत, नुसते बघतात. शुक्रवारी हॉस्पिटलची मीटिंग — तोवर बोलले नाहीत तर इथली थेरपी बंद. मग केअर होम, जिथे जागा मिळेल तिथे. आमच्या या मिल्टन गावाच्या बाहेरच. मला गाडी चालवता येत नाही. रोज कशी जाणार?

११ फेब्रुवारी

स्पीच थेरपिस्टने विचारलं, हे चिडल्यावर काय म्हणायचे? म्हणाली, बोलणं गेलं तरी शिव्या आणि सवयीचे शब्द कधीकधी शाबूत राहतात. तेच आधी बाहेर येतात.

शिव्या! यांनी जन्मात कुणाला गाढव म्हटलं नाही. घरात शिव्या देणारी मी. म्हणजे ड्रॅट, गॉली, गॉश. थेरपिस्टला हसू आलं — तिची आजी असंच बोलायची म्हणे. आमची मुलगी जाई ब्रॅम्पटनहून धावत आलेली, थकलेली. "मॉम, जस्ट स्वेअर ॲट हिम!" शिव्या घाल म्हणे बाबांना.

१२ फेब्रुवारी

झोप नाही. नागपूरची कॉन्व्हेंट शाळा आठवत राहिले. सिस्टर फिलोमिना सांगायच्या, गॉश म्हणजे गॉडच, वेष पालटलेला. गॉलीही तोच. हेक म्हणजे हेल, डार्न म्हणजे डॅम. ड्रॅटमध्ये तर 'देव तुला कुजवो' एवढं सगळं मावलंय! त्यांनी मना केलं म्हणून आम्ही मुलींनी ते सगळे पाठ केले.

मी बौद्ध घरातली. आईने देव्हारा कधी ठेवला नाही. तोंडात मात्र इंग्रजांचा देव बसला तो बसलाच. लग्नानंतर मी "ओ गॉश" म्हटलं, की हे पेपरातून मान वर न काढता विचारायचे, "कोण?" बस, तेवढंच. सासूबाईंसमोर, इथल्या आपल्या लोकांच्या असोसिएशनच्या जयंतीला, परवा-परवा दारातला बर्फ शोव्हलने उपसतानासुद्धा. मी जाम चिडायची.

आजाऱ्यापाशी असले शब्द काढू नयेत, हेही सिस्टरचंच. हॉस्पिटलात आल्यापासून मी जीभ आवरून बसलेय. हळू, गोड, देवळात बोलावं तसं बोलतेय. यांच्याशी मी असं कधी बोलले होते?

१३ फेब्रुवारी

दिवसभर म्हटलं. ओ गॉश. अहो, गॉश! हे खिडकीकडे बघत राहिले. माझं नाटक यांना नेहमी कळायचं.

थेरपिस्टने लिहून घेतलं: प्रतिसाद नाही. माझ्याकडे बघितलं नाही तिने.

जाईने केअर होमची माहिती पाठवली. दोन बस बदलाव्या लागतील. पुढे वाचलीच नाही.

१४ फेब्रुवारी

मीटिंग संपत आली होती. सगळं ठरल्यासारखंच. जाई माझा हात धरून. मी कोट घ्यायला उठले आणि बाहीने पाण्याचा ग्लास उडाला — हॉस्पिटलवाल्यांच्या सगळ्या कागदांवर पाणी.

"ओ गॉश!"

व्हीलचेअरमधून, जड जिभेने, मान वर न काढता —

"कोण?"