स्थळांची राखण

३ नोव्हेंबर, सोमवार
तुळशीचं लग्न लागलं, सीझन सुरू. तेजल मॅडमनी कुठलंसं वेबिनार पाहिलं. माहिती चोरणारा बाहेरचा नसतो, आतलाच असतो म्हणे. म्हणून आमच्या इंदिरानगरच्या वधू-वर मंडळात मला डेटा सुरक्षा अधिकारी केलं. पगार तोच. ऑफिसात मॅडम, मी आणि कॉम्प्युटरवर बसणारी संजना. म्हणजे आतला कोण, ते उघडच आहे.

४ नोव्हेंबर
संकल्प: कुणावरही विश्वास नाही. पेन ड्राइव्हची भोकं एम-सीलने बुजवून टाकली. संजना म्हणाली, काका, प्रिंटरची वायरपण तिथेच लागते. फार हुशारी दाखवते. संशयिताचं हेच लक्षण.

६ नोव्हेंबर, दुपारी
प्रिंटर बंद. पालकांना बायोडेटा दाखवायचे कसे? मीच स्क्रीनवरून मुलींच्या सगळ्या बायोडेटांचे फोटो मोबाइलवर काढले. बॅकअपही झाला. माझ्या मोबाइलइतकी सुरक्षित जागा नाही. पासवर्ड फक्त मला आणि सौ.ला ठाऊक.

९ नोव्हेंबर, रविवार
सौ.ने सगळे फोटो पाहिले. चष्मा लावून. आमच्या आयुषला एकतिसावं लागलं, अंबडच्या कंपनीत कायम आहे, तरी जमत नाही. तिचा जीव टांगणीला लागलाय. माझाही, पण मी बोलून दाखवत नाही. मंडळात आयुषचं नाव घातलेलं नाही. घरची माहिती चार लोकांत कशाला? सौ. तर घरचीच. तिला दाखवणं म्हणजे फुटणं नव्हे.

१३ नोव्हेंबर
तक्रार आली. मंडळातल्या एका मुलीच्या घरी कुणा बाईचा परस्पर फोन गेला. पगार, नक्षत्र, उंची, सगळं तोंडपाठ. मॅडम हादरल्या. मी शांत. संजनाचा मोबाइल माझ्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केला.

१४ नोव्हेंबर
आणखी तक्रारी. मोबाइल कुलपात असूनही फोन जातात म्हणजे पोरगी पोचलेली आहे. हटकलं तर रडली. तेही अगदी खरं वाटावं असं.

१६ नोव्हेंबर, रविवार
आनंदाचा दिवस. देवळाली कॅम्पला जयराम पाळदेंकडे कांदेपोहे. मुलगी तेजस्विनी, बँकेत आहे. सौ.ने स्थळ कुठून काढलं, मी खोलात गेलो नाही. पोरं गच्चीवर बराच वेळ बोलली. येताना आयुष गाडीत एकटाच हसत होता. कित्येक वर्षांत त्याला असं पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. पाळदे म्हणाले, आमची पसंती आहे, फक्त रीतीप्रमाणे तुमची जरा चौकशी करतो. मी म्हटलं, खुशाल माझ्या ऑफिसात विचारा.

१७ नोव्हेंबर
मॅडमना अहवाल दिला: संजनाला काढा. उद्या सांगते म्हणाल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
पाळदेंचा ऑफिसात फोन. मॅडमनीच घेतला. तुमच्याकडचे थेटे माणूस कसे, असं त्यांनी माझ्याबद्दल विचारलं. मॅडमनी विचारलं, तुमची ओळख कशी? पाळदे म्हणाले, त्यांच्या मिसेसचाच फोन आला होता.

मॅडमनी माझा मोबाइल मागितला. मी दिला. लपवण्यासारखं काही नव्हतंच, नुसते बायोडेटा होते. संजनाची माफी मागायला लावली. ऑफिसच्या हितासाठी मागितली. उद्यापासून येऊ नका म्हणाल्या.

संध्याकाळी पाळदेंचा निरोप: मुलगा लाख चांगला, पण त्या घरात बोललेलं घरात राहील याची खात्री वाटत नाही. आयुष जेवला नाही.

२ डिसेंबर, मंगळवार
आयुषने स्वतःहून मंडळात नाव घातलं. सौ.ला नि मला कुणा तिसऱ्याकडून कळलं. तरी बरं वाटलं. कुठली स्थळं आली ते विचारायला संजनाला फोन केला. नीट बोलली, काकूंची तब्येत विचारली. मग म्हणाली, काका, ते नाही सांगता येणार. मी म्हटलं, अगं, बाप आहे मी त्याचा. ती म्हणाली, आयुषनेच लिहून दिलंय, वडिलांना काही कळवू नका.

काय म्हणाली, म्हणून सौ. विचारत होती. फोन लागला नाही असं सांगितलं.