तुझी प्रार्थना मी दुरुस्त केली

प्रिय मनोहर,

गेल्या बुधवारी शालिनी तिच्या नवऱ्याला माझ्याकडे घेऊन आली, म्हणून हे पत्र. नाहीतर गेलेल्या भावाला पत्रं लिहीत बसणारी बाई मी नव्हे, हे तुला ठाऊक आहे.

शालिनी आपल्या चर्चच्या मंडळीतली. तू गेल्यावर दापोडीत राहायला आली. तिचा दानिएल पिंपरीला तुझ्याच कंपनीत, तुझ्याच खात्यात आहे. ती दारातूनच म्हणाली, "बाई, याला शास्त्रातलं एखादं वचन सांगा. दोन दिवस कामावर गेला नाही. घाबरतोय नुसता."

कशाला घाबरतोस, मी विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "साचे उचलायची साखळी, बाई. मधीच सुटती."

मनोहर, तीच साखळी. दोन वर्षं झाली.

तुला ती सकाळ आठवते का? मला दुसरं काही आठवत नाही. पहिल्या पाळीला निघण्याआधी आपली प्रार्थना असे. आधी मी, मग तू, मोठ्यानं. त्या दिवशी तू सुरुवात केलीस, "प्रभू, त्या साखळीपासून मला वाचव, वरचे साहेब कोणी ऐकत—" आणि मी तुला थांबवलं. डोळे मिटलेले असताना. वहीतली चूक खोडावी तसं.

मी म्हणाले, "ही अविश्वासाची प्रार्थना झाली. धैर्य माग."

तू एक डोळा उघडलास. "अक्का, देवाकडेही शुद्धलेखनाचे मार्क कापतात का?"

मी हसले नाही. मग तू निमूटपणे म्हणालास, "प्रभू, मला धैर्य दे. आमेन." अर्धा चहा तसाच ठेवून सायकल काढलीस.

साडेअकराला शिपाई मला वर्गातून बोलवायला आला.

नंतर तुझ्या सोबत्यांनी सांगितलं. साचा वर टांगलेला होता, साखळी कुरकुरत होती, खाली जायला कोणी तयार नव्हतं. तू म्हणालास, "सरका, मी जातो." तुला धैर्य मिळालं होतं. मी मागायला लावलं तेवढंच मिळालं.

दफनाच्या वेळी बायका कुजबुजत होत्या, "बाईंचा विश्वास बघा, डोळ्यांत टिपूस नाही." तो विश्वास नव्हता. मी ऐकत होते. तुझं ते तुटलेलं वाक्य मला तिथेच पहिल्यांदा ऐकू आलं, आणि तेव्हापासून ते थांबलेलं नाही. वर्गात एखादी मुलगी धडा वाचताना अडखळते, मी "पुढे" म्हणते, आणि पुढे तू बोलतोस. उपासनेत पाळकसाहेब श्वास घ्यायला थांबतात, तेवढ्या जागेत तू असतोस. तेच शेवटचे चार शब्द, आणि तिथेच गप्प.

दोन वर्षं मी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. काय मागणार? मनात देवाशी भांडले मात्र. त्याला म्हटलं, "देवा, मनोहरचं अर्धं तुझ्यापर्यंत पोहोचलं होतं ना, मग मधे माझं कशाला ऐकलंस?"

आणि मनोहर, तू? चोवीस वर्षांचा घोडा. एरवी माझं कधी ऐकलंस? स्वेटर घाल म्हटलं तर घातला नाहीस. मग त्याच दिवशी शहाण्यासारखं का वागलास?

बुधवारी पवित्र शास्त्र माझ्या हातात होतं. अशा वेळी सांगायचं वचन मला पाठ आहे, बोटही त्या पानात होतं. मी ते मिटून ठेवलं. दानिएलला म्हणाले, "बस. जे वाटतंय ते देवाला सांग. मी मधे बोलणार नाही."

त्यानं बायकोकडे पाहिलं. "मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

"देवा, मला मरायचं न्हाई. पोरगी लहान हाय. कुणाला तरी सांगून ती साखळी बदलून घे."

शालिनी ओशाळली. "बाईंच्या घरात असं मागतात का?"

मी आमेन म्हणाले. आवाज खरखरीत निघाला, पण निघाला.

मग कोणीच बोललं नाही. मी तुझी वाट पाहिली. तू बोलला नाहीस. ती दोघं गेल्यावरही मी तशीच बसून राहिले, स्वयंपाकाला उठले नाही. एवढी शांतता मी विसरूनच गेले होते. ज्याच्यावर भरवसा असतो त्यालाच माणूस 'मी भ्यालो' म्हणून सांगतो, हे मला या वयात कळलं. तू तेच करत होतास. तुझा विश्वास माझ्याहून मोठा होता, आणि मी त्यावर लाल शाई चालवली.

गुरुवारी हजेरी घेताना तू पुन्हा बोललास. म्हणजे संपलेलं नाही. पण या वेळी मी हजेरीपट खाली ठेवला आणि ऐकून घेतलं.

दानिएल 'कुणाला तरी' म्हणाला होता. तेव्हा मी अर्ज लिहिला आणि आज देऊन आले. आता शब्द देते: ती साखळी बदलेपर्यंत दर सोमवारी मी त्या गेटवर उभी राहीन. आणि यापुढे कोणाचीही प्रार्थना मधे तोडणार नाही. तुझीसुद्धा नाही.

तुझी,
अक्का

आज सोमवारी, शाळा सुटल्यावर, दिलं ते: अर्ज मराठीत, एक पान. त्याचा इंग्रजी तर्जुमा, एक पान. खात्यातल्या अकरा जणांच्या सह्या, एक अंगठा. टाइम ऑफिसच्या कारकुनाच्या हातात दिलं. तो म्हणाला, "पहिली सही तुमची कशी? तुम्ही इथल्या कामगार नाही." मी सहीखाली लिहिलं: मनोहरची बहीण. त्यानं ते वाचलं, खुर्चीतून उठला आणि पोच लिहून दिली.