शिंगाड्याला कोण पाडणार

४ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

नोकरीसाठी लांब गेलीस आणि जाताना व्हिडिओ गेमचा डबा माझ्या शिवणाच्या टेबलावर टाकून गेलीस. मन उडालं म्हणालीस. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर संपली, तसा मी सहज लावून बघितला. तुला वर्षभर रडवणाऱ्या त्या शेवटच्या शिंगवाल्या राक्षसाने, शिंगाड्याने, मलाही आठवडाभर लोळवलं. मग लक्षात आलं, की तो तलवार उगारतो, क्षणभर थांबतो आणि मगच मारतो. आपण त्या थांबण्यालाच भिऊन मागे पळतो. मी आता पुढे जाते, वार अगदी अंगावर येऊ देते आणि मग ढाल लावते. खण्णकन आवाज होतो आणि स्वारी गुडघ्यावर! अगं, काय मजा येते म्हणून सांगू. दोनदा दूध उतू गेलं. तुझे भावजी म्हणतात, चांगली बायको हातची गेली.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहेच, पत्राने वाढव.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे. मला झाला नाही, पोटात दुखलं. सायकल माझी, आधी शिकलीस तू. पोहायला नाव घातलं मी, बक्षीस तुला. हा एक गेम तेवढा माझा होता, हरण्यापुरता का होईना. इथे दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी खोलीत भिंतीकडे बघत बसते. तेव्हा डबा परत पाठव. शिंगाड्याला मारलं असशील, तर सांगू नकोस.

भावजींना नमस्कार. राग आहे, तरी लोभ कमी करू नये.

छोटी

१५ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

डबा आज कुरिअरने निघाला. शिंगाड्या जिवंत आहे गं. काल एका वाराचा उरला होता, पण कंट्रोलर खाली ठेवला आणि त्याच्या हातून मुकाट मेले. पहिला मान तुझा. मात्र सायकल शिकताना गुडघे कुणी फोडून घेतले, तेही आठव.

रुसवा सोड, लोभ धर.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी मेहेरबानी वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. हट्टाने खेळायला बसले, पण पंधरा दिवस मागेच पळत होते. परवा लॅबमध्ये एका गृहस्थांनी सुई बघून हात मागे ओढला. हात ओढाल तर जास्त दुखेल, असं त्यांना दटावलं आणि माझी मलाच लाज वाटली. त्या संध्याकाळी पुढे गेले. खण्ण! ताई, हा गेम मी हौसेने घेतला होता, हेच विसरले होते गं. वीसदा हरले, तेही हसत. काल शिंगाड्या पडला. खोलीत एकटीच नाचले.

मग आठवलं, तू त्याला माझ्याआधीच एका वारावर आणलं होतंस आणि वर सोडूनही दिलंस. निम्मा आनंद तिथेच गेला. सोडलेली शिकार मला पचत नाही. म्हणून डबा उद्या तुझ्याकडे निघतो आहे. या खेपेला मुकाट मरायचं नाही, त्याला मारायचं. मला नऊ वार बसले. तुला कमी बसले, तर कळवू नकोस. जास्त बसले, तर त्याच मिनिटाला फोन कर.

जळते, पण तुझीच आहे, एवढं ध्यानात असू दे.

छोटी