पाणी न मागणारं झाड

प्रिय खलफान,

सलाम. हे पत्र आहे, फोन नाही, त्यामुळे मध्येच ठेवून देता येणार नाही. दोन वर्षं झाली, माझा आवाज ऐकला की तू फोन सुनेच्या हातात देतोस आणि ती बिचारी मला मस्कतमध्ये किती उकडतंय ते सांगते. मला काय करायचंय मस्कतच्या उकाड्याशी? आपल्या बसचा ड्रायव्हर मुहन्नाचा जावई आहे, तो हे तुझ्या हातात देईल आणि तू पाकीट फोडेपर्यंत तिथून हलणार नाही. तसं त्याला बजावलंय. लिहिण्यात चुका असतील तर असू देत. मोठ्या बायकांच्या शाळेत मी चारच वर्षं गेले. पाचव्या वर्षी बाईंनी व्याकरण काढलं आणि मी उठून शेळ्यांकडे गेले.

आधी बातमी. फलजचं, डोंगरातून येणाऱ्या आपल्या पाटाचं, पाणी परत आलं. पूर्ण आलं, झुवैनाच्या अगदी शेवटच्या लिंबापर्यंत, पूर्वी यायचं तसं. आणि पाण्याचा चोर सापडला. तो तू नव्हतास. एवढं वाचून पत्र बाजूला ठेवायचं असेल तर ठेव, पण मग चोर कोण ते तुला कळणार नाही, आणि तू लहानपणापासून भोचक, तुला कळल्याशिवाय जेवण जायचं नाही.

माझ्या अंगणातली दमसची झाडं तुला आठवतात. माझ्या धाकट्या मुलाच्या, सुलैयमच्या, लग्नाच्या वेळी आडोसा हवा म्हणून रोपवाटिकेच्या गाडीवरून बारा रोपं घेतली होती. गाडीवाला म्हणाला होता, आई, सहा महिन्यांत भिंत उभी राहील, आणि राहिली. बारा महिने हिरवीगार, एक पान पिवळं नाही, कापावी तशी कापून घेतात, चौकोनी म्हटलं की चौकोनी. आपल्याकडे जूनमध्ये खजुराचं झाडसुद्धा थकल्यासारखं दिसतं, आणि ही बारा झाडं नवऱ्या मुलासारखी नटून उभी. लग्नाला आलेल्या बायका डोंगराकडे न बघता माझ्या भिंतीकडे बघत होत्या. वर्षाच्या आत गावातल्या चौदा घरांत दमस लागलं. तू मात्र कॉफी पिता पिता विचारलं होतंस, "नसरा, हे पितं काय?" आणि मी म्हणाले होते, "काही नाही. तुझ्यासारखं नाही ते, काही मागत नाही." सगळे हसले होते. मीही हसले होते. ते हसणं मला आता दाताखाली खड्यासारखं लागतं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते ओळीनं लिहायचंय. पाणी कमी व्हायला लागलं. डोंगराखाली फलज उजेडात येतो तिथं हात बुडेल इतकं पाणी, आणि घरांखालून, फरशीखालच्या झाकलेल्या पाटातून निघून खालच्या बागांत पोचेपर्यंत घोट्याएवढं. लसूणघास वाळली. माझ्या खलास जातीच्या खजुराचे घोस कुणी चिमटे काढल्यासारखे सुरकुतले. वर मोजलं, पाणी भरपूर. खाली मोजलं, निम्मं. म्हणजे मध्ये कुणीतरी खातंय. आणि मध्ये कोण? पाण्याच्या पाळ्या वाटणारा, ज्याला आपण अरीफ म्हणतो तो. काठीची सावली बघून याच्या पाटाचं दार बंद कर, त्याचं दार उघड असं सांगणारा एकच माणूस गावात होता, आणि तो तू. आपले आजोबा तेच करत होते, बाबाही तेच, आणि इतक्या वर्षांत कुणी त्या काठीकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नव्हतं. मग एक दिवस कुणीतरी म्हणालं की खलफानची सावली वरच्या बागांना लांब पडते आणि खालच्यांना आखूड. कुणीतरी म्हणालं की वरच्या बागावाले याच्याकडे हलव्याची पातेली उगाच पाठवत नाहीत. एकदा असं बोललं गेलं की ते पाण्यासारखंच असतं, ज्याचं दार उघडं असेल तिथं शिरतं.

तू मस्कतला गेल्यावर फलजच्या समितीनं पाळ्या मोजायला घड्याळ आणलं. मग दुसरं आणलं, कारण पहिलं वरच्या बागावाल्यांचं होतं. दोन्ही घड्याळांत सात मिनिटांचा फरक, त्यावरून मुहन्ना आणि त्याचा सख्खा साडू चार महिने बोलत नव्हते. आणि पाणी तेवढंच. नाही, त्याहून कमी. तुझा हात निघाला, काठी निघाली, तरी पाणी वाढेना, तेव्हाच माणसांना कळायला हवं होतं. पण समितीला कळायच्या आधी कॉफी लागते. ते बसले, उठले, पुन्हा बसले, इंजिनियरला बोलवायचं ठरवलं, त्याला अर्ज कोणत्या कागदावर लिहायचा यावर एक गुरुवार घालवला. तोवर झुवैनाची सात लिंबं मेली. नवरा गेल्यावर तिनं त्या लिंबांवरच तिन्ही पोरं वाढवली, तुला माहीत आहे. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "नसरा, आठवं मेलं की मी विकते बाग."

यंदा उन्हाळ्यात सुलैयमला मुलगी झाली. नाव शुरूक, नाक आपल्या आईचं. बदरिया बाळंतपणाला माहेरी गेली, चाळीस दिवस तिथंच. एरवी संध्याकाळी भांड्यांचं पाणी त्या झाडांच्या बुंध्याशी ती ओतते, मला गुडघ्यांमुळे वाकवत नाही आणि सुलैयमच्या ते डोक्यातही येत नाही. चाळीस दिवस त्या झाडांना कुणी थेंब घातला नाही, आणि ऊन असं की माझ्या प्लास्टिकच्या बादलीला तडा गेला. बदरिया परत आली, मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं, अंगणात गेली आणि तिथूनच म्हणाली, "आई, झाडांना पाणी कुणी घातलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

ती म्हणाली, "मग ही जगली कशावर?"

खलफान, मी सदुसष्ट वर्षं ज्या गावात राहिले, तिथं लसणीचा वाफासुद्धा पाळी लावल्याशिवाय वाढत नाही. इथं जन्मलेल्या पोराला आधी आईचं दूध कळतं आणि मग पाळी कळते. आणि मी नऊ वर्षं मिरवत होते की माझं झाड पाणी मागत नाही. जे मागत नाही ते घेतंय कुठून, हे तू कॉफी पिता पिता विचारलं होतंस आणि मी त्याचा विनोद केला.

अंगणातली धुण्याची जुनी पायरी आठवते? जिथून आई पाटात उतरून भांडी घासायची. नळ आल्यापासून तिच्यावर फरशी टाकलेली. दरवर्षी पाट साफ करणारे पुरुष यायचे, बायकांचं अंगण म्हणून दाराबाहेर थांबायचे आणि हाक मारून विचारायचे, आणि मी आतून ओरडायचे, "आमच्याकडे साफ आहे, पुढे जा." चौदा घरांतल्या चौदा बायका हेच ओरडायच्या. बघितलं होतं कुणी? कुणी नाही. फरशी जड होती आणि आतलं पीठ मळायचं होतं.

त्या दिवशी मी आणि बदरियानं पहार लावून फरशी उचलली. खाली हात घातला तर पाणी हाताला लागेना. लोकर लागली. तांबडी, ओली, मेंढीच्या अंगासारखी दाट. बदरिया म्हणाली, "आई, पुरुषांना बोलावू?" मी म्हटलं, "त्यांना बोलावलं तर आधी कॉफी करावी लागेल. तू टॉर्च धर." झगा गुंडाळला म्हण, कमरेला खोचला म्हण, काय म्हणायचं ते म्हण, खजुराच्या फांद्या छाटायचा कोयता घेतला आणि उतरले. मान वर करता येत नाही इतका तो पाट ठेंगणा, तरी गुडघ्यांची तक्रार नाही, बहुधा घाबरले असतील. मुळांनी चुन्याची भिंत फोडली होती. कमी पडणाऱ्या पाण्यातलं निम्मं झाडं पीत होती आणि उरलेलं निम्मं त्या भगदाडातून मातीत जात होतं. सकाळी उतरले ती दुपारच्या अजानपर्यंत कापत होते. शेवटची गाठ, अगदी शेळीएवढी, सुटली आणि मागं तुंबलेलं पाणी माझ्या पाठीवरून गेलं. तोंडात गेलं, नाकात गेलं. मी पाटात पालथी पडून हसत होते आणि बदरियाला वाटलं म्हातारी गेली. भगदाडात खजुराचा काथ्या कोंबला आणि वर आले.

मग ती मुळं हातगाडीत घातली आणि ओढत पुरुषांच्या बैठकीवर नेली. उंबऱ्याच्या आत बायका जात नाहीत, मीही गेले नाही, मुळंच आत फेकली, गालिच्यावर. मुहन्ना म्हणाला, "नसरा, हे काय मेलेलं आणलंस?" मी म्हटलं, "हा घ्या तुमचा पाण्याचा चोर. नऊ वर्षं माझ्या घरात राहत होता, मीच त्याला पोसला. खलफाननं कुणाची एक पळीही घेतली नाही. आता ज्यांना उठता येतं त्यांनी उठावं आणि खाली जाऊन बघावं." मग सगळ्यांत म्हातारा खमीस, ज्याला सगळे बहिरा समजतात, उठला आणि चप्पल शोधायला लागला.

आम्ही पाण्याबरोबर चालत गेलो. चालत काय, शेवटी पळत. समितीसुद्धा. पाटातली सुकी पानं पुढे ढकलत पाणी चाललं होतं आणि पोरं पुढे पळत ओरडत होती, मुहन्नाची बाग, नसराची बाग. माझ्या बागेशी मी थांबले नाही. झुवैना तिच्या बांधावर बसली होती. तिनं फावडं घेतलं, दार मोडलं, आणि पाणी आठव्या लिंबाच्या आळ्यात गेलं. तिथं ती रडली. मग आम्ही दोघीही, पण फार नाही, तिला दारं धरायची होती.

पुढचा पंधरवडा मी चौदा घरं फिरले. दमस नुसतं कापून मरत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटतं, खणून काढावं लागतं. काही जणी म्हणाल्या, आमचं राहू दे, शोभा जाईल. मी त्यांच्याच अंगणातली फरशी उचलून दाखवली. शेवटचं झाड परवा निघालं. मुहन्नाच्या पोरांनी सगळा पाट आतून चुन्यानं लिंपला. माझ्या भिंतीशी आता मेंदी आहे. रोज पाणी मागते, आणि मी रोज घालते.

आता ज्यासाठी बसले ते. वर दोनदा लिहिलं की कुणीतरी म्हणालं. ते कुणीतरी मी. तुला माहीत आहे, गावाला माहीत आहे, पण मी आजवर तोंडानं म्हटलेलं नव्हतं. सावली आखूड पडते हे मी म्हणाले, हलव्याचंही मीच, आणि त्या शुक्रवारी सगळ्यांसमोर तुझी काठी मी उपटली. तू एवढंच म्हणालास, "सावली खोटं बोलत नाही, नसरा," आणि कॉफी न पिता गेलास. ती काठी मी फेकली नाही. पिठाच्या डब्यामागं आहे. समितीनं दोन्ही घड्याळं काढून टाकली आणि तुला परत बोलवायचं ठरवलं. ते शिक्क्याचा कागद पाठवणार होते. मी म्हटलं, कागद नको, ज्यानं उपटली त्यानंच लिहायचं. हे पत्र सुनेसमोर, नातवंडांसमोर मोठ्यानं वाच. मी तुला चोर म्हटलं ते मोठ्यानंच म्हटलं होतं. मग गुरुवारची बस धर. शुक्रवारी सूर्य डोंगरावर आला की पहिली पाळी झुवैनाची आहे, आणि गाव काठीच्या जागी उभं असेल. खड्डा मी खणून ठेवलाय. काठी सरळ कशी रोवायची ते मला येत नाही, त्यासाठी तुलाच यावं लागेल.

कॉफी गरम ठेवते. या वेळी पिऊन जायचं.

तुझीच थोरली,
नसरा